वेब्लीचा भाव

सोन्याचा भाव आमच्या घरात आजीला पाठ असायचा आणि जुन्या रिव्हॉल्व्हरचा अण्णाआजोबांना. अण्णाआजोबा म्हणजे आईचे काका. पुण्यातल्या एका बंदुकांच्या दुकानात ते ऐन तारुण्यात कारकून म्हणून लागले आणि म्हातारपणी तिथूनच घरी बसले. जन्मात एक गोळी झाडली नाही. झाडली ती टाकातली शाई. हत्यार कुठल्या कंपनीचं, बोअर कोणता, नंबर काय, परवाना कोणत्या जिल्ह्याचा, कुणाकडून आलं, कुणाकडे गेलं, काडतुसं किती दिली, या रकान्यांत त्यांची हयात गेली. त्या रकान्यांतून जे शतक त्यांना दिसलं, ते आम्हाला सुट्टीत ऐकायला मिळायचं.

भाव ते रुपयांत सांगत नसत. "साहेब लोक बोटीवर चढायच्या घाईत होते ना, तेव्हा वेब्ली शिवणयंत्रापेक्षा स्वस्त," ते म्हणायचे. वेब्ली म्हणजे बर्मिंगहॅमचं रिव्हॉल्व्हर. "मग स्कूटरएवढं झालं. आता कोथरूडला जागा घेऊ की वेब्ली घेऊ, असं विचारायची पाळी आलीय." हे शेवटचं वाक्य नव्वदच्या दशकातलं. त्यात कारकुनाला न शोभणारी अतिशयोक्ती होती, पण वाऱ्याची दिशा बरोबर होती. मला मात्र कोडं पडायचं. त्याच काळातलं शिवणयंत्र भंगारवाल्यानं किलोवर नेलं. मग नळी झिजलेलं, मुठीचा टवका उडालेलं, साठ वर्षांचं लोखंड चढत्या भावानं कसं विकलं जातं? विचारलं की अण्णा चष्मा वर सरकवून म्हणत, "लोखंड कोण विकत घेतंय?"

आजीला हा विषय घरात नको असायचा. तिचं माहेर मुधोळकडचं. हत्यार म्हटलं की तिला हलगली आठवायची. १८५७ साली कंपनी सरकारनं त्या भागात हत्यारं जमा करायचा हुकूम काढला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेड जमातीच्या लोकांनी तो मानला नाही. नोव्हेंबरात फौज आली, गाव जाळलं, धरलेल्यांना फासावर दिलं. कानडी मुलखात त्यावरची गाणी अजून म्हणतात. आजीच्या गोष्टीत पुढचा भाग विहिरींचा असे. आसपासच्या गावांनी रातोरात तलवारी आणि तोड्याच्या बंदुका तेलाच्या फडक्यात गुंडाळून विहिरीत सोडल्या, त्या अजून तळाशी आहेत, असं ती सांगायची. दर पिढीला विहिरींची संख्या वाढत गेली असणार, पण मूळ भीती खरी होती. घरात हत्यार असणं हाच पुरावा ठरू शकतो, हे त्या पिढीनं पाहिलं होतं.

लॉर्ड लिटनच्या १८७८च्या कायद्यानं ती भीती रीतसर छापून काढली. हिंदी माणसाला हत्यार बाळगायचं तर परवाना हवा, गोऱ्याला सूट. काँग्रेसनं आपल्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. अण्णांच्या धंद्याच्या दृष्टीनं गंमत अशी की त्या वर्षापासून आपल्याकडे बंदुकीच्या किमतीचे दोन तुकडे झाले. एक वस्तूची किंमत, दुसरी ती वस्तू जवळ ठेवायच्या मुभेची. पहिली दुकानात द्यायची. दुसरी कलेक्टर कचेरीत, ओळखीपाळखीत, वर्षानुवर्षांच्या चपलांच्या झिजेत.

तरी माल येत राहिला. इंग्रज अधिकाऱ्याला कमरेचं रिव्हॉल्व्हर सरकार देत नसे, ते स्वतःच्या पैशानं घ्यावं लागे. मुंबईत काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची इमारत आजही उभी आहे. या कंपनीचं मुंबईतलं दुकान १८९१ साली उघडलं. टोपी, तंबू, बिस्किटांचे डबे आणि रिव्हॉल्व्हर, सगळं एका छपराखाली. त्या कंपनीनं विकलेल्या बर्मिंगहॅमच्या वेब्लींवर कंपनीचं नाव कोरलेलं असतं. वेब्लीचं रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी हे आखूड, दणकट मॉडेल १८६८चं, .४४२ बोअरचं. पुढे १८८७ साली ब्रिटिश फौजेनं वेब्लीचं मार्क वन स्वीकारलं, .४५५ बोअरचं, मध्ये मोडून उघडणारं. १९१५ साली मार्क सिक्स आलं, आणि सिनेमात गोऱ्या साहेबाच्या हातात आपण बघतो ते बहुधा हेच.

पण अण्णांच्या वहीत या मोठ्या वेब्लीला स्थान नव्हतं. .४५५, .३८ हे फौजेचे बोअर, म्हणजे 'प्रोहिबिटेड'. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला .३२. त्यामुळे जगभरच्या संग्राहकांनी ज्याला फारसं विचारलं नसतं ते वेब्ली अँड स्कॉटचं किरकोळ .३२ रिव्हॉल्व्हर आपल्याकडे मानाचं पान ठरलं. आमच्या आजोबांकडे तेच होतं. खंडेनवमीला ते पाटावर यायचं, शेजारी कोयता, विळी आणि आईची शिवणाची कात्री. आजी सगळ्यांना हळदकुंकू वाहायची, त्याला मात्र लांबूनच.

अण्णा १९३१ साली पुण्यात शाळकरी पोर होते. २२ जुलैला मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन फर्ग्युसन कॉलेजात आले असताना वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानं त्यांच्यावर जवळून गोळ्या झाडल्या. हॉटसन बचावले, गोगट्यांना जन्मभर लोक 'हॉटसन-गोगटे' म्हणत राहिले. अण्णांच्या आठवणीत कॉलेज नव्हतं, आळी होती. ते सांगत, की दुसऱ्या दिवसापासून आळीतल्या परवानेवाल्यांकडे शिपाई येऊन हत्याराचा नंबर परवान्याशी ताडून जात. एका वकिलांच्या रिव्हॉल्व्हरवरचा शेवटचा आकडा झिजला होता, तीन की आठ ते कळेना, म्हणून ते दोन दिवस चौकीच्या बाकावर. "तेव्हा मला कळलं," अण्णा म्हणायचे, "की रिव्हॉल्व्हरचा सगळ्यात महत्त्वाचा भाग घोडा नाही, चाप नाही. नंबर."

स्वातंत्र्याच्या आगेमागे गोरे अधिकारी आणि मळेवाले निघाले तेव्हा बाजारात हत्यारांची रेलचेल झाली. परवाने तेवढेच, माल मात्र दुपटीनं, असा अण्णांचा हिशोब. पुढे १९५९चा हत्यार कायदा आला, १९६२ साली लागू झाला. त्यात गोऱ्या-काळ्याचा भेद उरला नाही, परवाना सगळ्यांना. परदेशातून कायमचे परतणारे लोक सामानाबरोबर एखादं स्मिथ अँड वेसन किंवा वेब्ली आणत, त्यामुळे नळ चालू होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर सरकारनं तोही बंद केला. नेमबाजीतले नामवंत खेळाडू सोडले तर आयात जवळजवळ थांबली. वेब्लीनं स्कूटरला मागे टाकलं ते इथे. देशात असलेली परदेशी रिव्हॉल्व्हरं तेवढीच राहिली, नवी येईनात आणि जुनी झिजत चालली.

परदेशातला माणूस हे ऐकून हसेल. अमेरिकेत वेब्लीचं साधं .३८ काहीशे डॉलरांत मिळतं, आपल्याकडे त्याच्या .३२च्या भावंडाला लाखांची बोली. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यानं 'निर्भीक' नावाचं हलकं .३२ रिव्हॉल्व्हर बायकांसाठी म्हणून काढलं, किंमत १,२२,३६० रुपये. नवंकोरं, हमीसकट. तरी 'इंपोर्टेड आहे का?' हा प्रश्न बंदुकीच्या दुकानात संपला नाही. गिऱ्हाईकही मुख्यतः उत्तरेचं. २०१६ अखेरच्या केंद्रीय आकड्यांनुसार देशात साडेतेहेतीस लाखांवर परवाने, त्यात एकट्या उत्तर प्रदेशात पावणेतेरा लाखांहून जास्त. महाराष्ट्रात जेमतेम ८४ हजार. अण्णांच्या वहीतली कितीतरी मराठी रिव्हॉल्व्हरं शेवटच्या रकान्यात लखनौ नाहीतर कानपूरला गेलेली दिसायची.

आणि काडतूस. जुनं हत्यार घेताना हौशी माणूस नक्षी बघतो, अण्णांसारखा माणूस आधी विचारतो, याला गोळी मिळते का? .३२ला मिळते. बुडावर 'के. एफ.' हा छाप, म्हणजे आपली खडकीची दारूगोळा फॅक्टरी, १८६९पासूनची. खडकीत पितळेचं एक नळकांडं बनत राहिलं म्हणून बर्मिंगहॅमचं साठ-सत्तर वर्षांचं रिव्हॉल्व्हर वस्तू म्हणून जिवंत राहिलं. ज्या बोअरची गोळी बंद पडली, त्याची आपल्या बाजारात रद्दी झाली.

दुकानात येणारं दुसरं गाऱ्हाणं रंगाचं असे. वापरानं नळीवरची मूळ निळी झाक उडते. मग लोक ते निकेलवाल्याकडे देत आणि स्टीलच्या तांब्यासारखं चकचकीत करून आणत. आमच्या आजोबांनीही केलं. अण्णांनी कपाळाला हात लावला होता, पण विकायला काढल्यावर त्याच चकाकीपायी दोन गिऱ्हाइकं जास्त आली. बाहेरच्या देशात हेच महापाप समजतात. तिथे संग्राहक भिंगातून बघतो: झाक मूळची का, स्क्रूच्या खाचा पिळलेल्या तर नाहीत ना, नळी, चक्र आणि सांगाडा यांचे नंबर एकमेकांशी जुळतात का, पेटी आहे का. घासून नवं केलेल्या रिव्हॉल्व्हरपेक्षा अंगावरचे डाग सांभाळून म्हातारं झालेलं महाग. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे. आपल्याकडे घेणाऱ्याला कंबरेला लावायचं असतं, त्यांना काचेत ठेवायचं असतं.

आज जी युक्ती ती उद्या नुकसान, याचं अण्णांना माहीत नसलेलं उत्तम उदाहरण मला पुढे वाचनात सापडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर मार्क सिक्स वेब्ली ढिगानं अमेरिकेत गेली. तिकडे .४५५ची गोळी दुर्मीळ, .४५ ऑटोमॅटिकची फौजी गोळी मात्र मुबलक. व्यापाऱ्यांनी चक्राची मागची बाजू तासून ती गोळी बसेल असं केलं आणि माल खपवला. तेव्हा तासलेलं वेब्ली सोयीचं म्हणून उचललं जाई. आता न तासलेलं शोधत लोक फिरतात आणि तासलेल्याला भाव पाडून मागतात. लेथवर उडालेला तो लोखंडाचा चकतीएवढा भुसा परत लावता येत नाही. उलटाही प्रकार होतो. कोल्टचं पायथन १९५५ साली १२५ डॉलरना निघालं. २००५ साली कंपनीनं ते बंद केलं, आणि मग त्याची किंमत चढतच गेली. त्यात २०१०पासून झोम्बींच्या एका टीव्ही मालिकेच्या नायकाच्या हातात ते दिसायला लागलं. २०२० साली कोल्टनं नवं पायथन पुन्हा बाजारात आणलं, तेव्हा जुनी साठवून बसलेल्यांच्या पोटात गोळा आलाच असणार.

ही सगळी हाताळता येणाऱ्या वस्तूंची किंमत. त्यावरचा मजला गोष्टींचा. पॉल वेर्लेन या फ्रेंच कवीनं १० जुलै १८७३ रोजी सकाळी ब्रुसेल्समध्ये एक लेफोशो पद्धतीचं साधं रिव्हॉल्व्हर विकत घेतलं आणि दुपारी आपला सोबती कवी रँबो याच्या मनगटावर गोळी झाडली. खटला झाला, वेर्लेनला दोन वर्षांची शिक्षा झाली. २०१६ साली पॅरिसच्या लिलावात ते रिव्हॉल्व्हर ४,३४,५०० युरोला गेलं. तीन वर्षांनी त्याच शहरात आणखी एक लेफोशो विकलं, गंजानं मुठीसकट खाल्लेलं. फ्रान्समधल्या ओव्हेर गावच्या शेतात १९६०च्या आसपास एका शेतकऱ्याला ते सापडलं होतं, आणि १८९० साली चित्रकार व्हॅन गॉगनं स्वतःवर झाडलेलं ते हेच असावं असं मानतात. त्याला १,६२,५०० युरो आले. दोन्हीतला फरक गंजाचा नाही. वेर्लेनच्या रिव्हॉल्व्हरमागे अटक आणि खटला यांचं दप्तर आहे. व्हॅन गॉगच्या मागे शेत, बोअर, गंजाचं वय आणि 'असावं'. एका 'असावं'ला बाजारानं किती दंड लावला ते आकड्यांतच बघा. ऑगस्ट २०२१मध्ये अमेरिकेतल्या शेरीफ पॅट गॅरेटच्या ज्या कोल्टनं बिली द किड या गुंडाला मारलं ते साठ लाख डॉलरांवर गेलं, कारण ते कुणाकडून जप्त झालं आणि कुणाकुणाच्या घरी राहिलं याची साखळी तुटलेली नव्हती.

आपल्याकडे साखळ्या तुटतात, कधी जुळतातही. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला पोलीस अधिकारी साँडर्सवर भगतसिंगांनी ज्यातून गोळ्या झाडल्या ते कोल्ट पिस्तूल (रिव्हॉल्व्हर नव्हे, पण अण्णांच्या वहीला तो फरक एका रकान्याचा) इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र-शाळेत वर्षानुवर्षं इतर जुन्या हत्यारांच्या रांगेत काळा रंग फासून पडलं होतं. अलीकडे कुणीतरी रंग खरवडला, नंबर दिसला, तो खटल्याच्या कागदांतल्या नंबराशी जुळला, आणि ते पंजाबात हुसेनीवाल्याच्या संग्रहालयात गेलं. चौकीच्या बाकावर बसलेल्या त्या वकिलांना हे सांगायला हवं होतं.

आमच्या आजोबांच्या रिव्हॉल्व्हरलाही गोष्ट होती. कोणा कॅप्टनानं बेळगावच्या छावणीत खूश होऊन ते दिलं, असं आजोबा सांगत. अण्णा समोर असले की फक्त हसत. एकदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "तुझ्या आजोबांनी ते आमच्याच दुकानातून घेतलं. ओळ मी लिहिलीय. पण कॅप्टन काय वाईट आहे?" आजोबा गेल्यावर वारसाचा परवाना कुणी मागितला नाही. हत्यार दुकानात जमा झालं आणि परवानगीनं परजिल्ह्यात विकलं गेलं. घेणाऱ्यानं कॅप्टनबद्दल काही विचारलं नाही.

जुन्या रिव्हॉल्व्हरचा भाव कायद्याच्या एका ओळीनं कसा उलटापालटा होतो ते मी पुढे बापूमामांच्या घरी पाहिलं. बापूमामा आईचे मावसभाऊ, कोल्हापूरच्या पश्चिमेला उसाची शेती. घरात तीन हत्यारं: रानडुकरांसाठी बारा बोअरची दुनळी, कानपूरचं .३२, आणि पणजोबांपासून आलेलं वेब्लीचं आयरिश कॉन्स्टॅब्युलरी, .४४२, बाजूला आर्मी अँड नेव्हीचं नाव. शेवटच्याची गोळी हयात असलेल्या कुणी पाहिलेली नव्हती, पण परवान्यावर ते होतं आणि दर निवडणुकीला इतर दोघांबरोबर तेही इमानानं पोलीस ठाण्यात जमा व्हायचं.

डिसेंबर २०१९मध्ये कायदा दुरुस्त झाला. एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं. जादाचं वर्षभरात जमा करायचं. मामांनी मला फोन केला, कारण या विषयावर बोलणारं घरात आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. मी सांगितलं, अमेरिकेत १८९९पूर्वी बनलेलं हत्यार केंद्रीय कायद्याच्या लेखी बंदूकच नाही, तिकडे हे खुशाल भिंतीवर लागलं असतं. इंग्लंडातही .४४२ हा कालबाह्य बोअर म्हणून शोभेची वस्तू गणला जात होता. (तेही फार दिवस टिकलं नाही. तिथे जुन्या रिव्हॉल्व्हरांना गोळ्या बनवून गुन्हे होऊ लागले, तेव्हा मार्च २०२१मध्ये सरकारनं सात बोअर त्या यादीतून काढले. .४४२ त्यातलाच. काल मखमलीवर ठेवलेल्या वस्तूला आज परवाना.)

"ते तिकडचं," मामा म्हणाले. "हितलं सांग."

आपल्या कायद्यातही जुन्या हत्यारांना सूट आहे, कलम ४५मध्ये. पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगं नसलं पाहिजे. मामांचं चालण्याजोगं होतं, कारण तीन पिढ्यांनी त्याला दर दसऱ्याला तेल घातलं होतं. कुणीतरी सुचवलं, नळीत वेल्डिंग ओतून घ्या, म्हणजे रीतसर शोभेचं होईल. तसं केलं की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत संपते, हे मी सांगायच्या आत मामा उसळले. "तेल घातलेल्या नळीत मी वेल्डिंग ओतू व्हय?" विकायला काढलं, तर बंदूकवाल्यानं बोअर वाचूनच मान हलवली: गोळी नाही, गिऱ्हाईक नाही. कानपूरच्या .३२ला मात्र लगेच विचारणा केली.

दुनळी शेतीला हवी, .३२ रात्रीच्या पाणीपाळीला जाताना हवं. शेवटी तिघांतलं सगळ्यात जुनं, आणि साता समुद्रापलीकडे कदाचित सगळ्यात महाग ठरलं असतं असं, तेच मामांनी सरकारजमा केलं. ठाण्यातल्या हवालदारानं नंबर उतरवून घेतला आणि पावतीवर लिहिलं: 'रिव्हॉल्व्हर एक, जुने वापरते, अंदाजे किंमत' आणि पुढे काय घालायचं ते त्यानं मामांनाच विचारलं. मामांनी मला फोन लावला. मी म्हटलं, "घाला काहीतरी." त्यांनी पाचशे रुपये घातले.